मामीचा डाग

माझी मामी आठवडाभर लोकांचे कपडे शिवायची आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्हा ज्यूंच्या शब्बाथचे, विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावले की घरभर माणसं जेवायला बसवायची. आधी विचारून येणाऱ्याचा तिला भारी राग. पांढऱ्या मेजपोसावर कुणी ना कुणी द्राक्षारस सांडायचंच. मी सात वर्षांची असताना माझ्या हातून अख्खा पेला लवंडला आणि मी भोकाड पसरलं.

मामी म्हणाली, "रडतेस कशाला? सांडलं म्हणजे जेवलीस. ज्याच्या पुढ्यात डाग नाही, तो माझ्या घरातून उपाशी गेला."

रविवारी तिनं धुऊनही उरलेल्या त्या डागाभोवती निळ्या दोऱ्यानं टाके घातले. असे टाके तिनं सगळ्यांच्या डागांना घातले, अगदी खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्या थोरल्या मामांच्याही.

मामी गेली. शोकाचे सात दिवस संपल्यावर आम्ही सगळे एकत्र जेवायला जमलो, तेव्हा मी तोच मेजपोस अंथरला. जो तो आपापला डाग शोधून तिथे बसला. हसलोही, खोटं कशाला बोलू?

मग मावशीनं विचारलं, "वहिनीचा कुठाय?"

सगळ्यांनी शोधला. स्वयंपाकघराच्या दाराजवळची मामीची जागा कोरी करकरीत होती.

"मामी एवढं जपून जेवायची?" मी म्हणाले.

मामानं त्या कोऱ्या कापडावरून हात फिरवला.

"जपून कसलं," तो म्हणाला, "ती बसली कधी?"