कम्फर्टचं बटण

तारापूरच्या एका कारखानदाराला वापरून कंटाळा आलेला पिकअप मी विकत घेतला, तेव्हा पालघरजवळच्या माहीममधल्या आमच्या आळीत माझ्याइतका शहाणा दुसरा कोणी नव्हता. चार दारं, मागे विड्याच्या पानांच्या टोपल्यांसाठी ऐसपैस हौदा, आणि गिअरजवळ एक बटण. ते दाबलं की रस्ता कसाही असो, शॉकअब्सॉर्बर आपोआप मऊ होतात, असं कारखानदाराने मला सांगितलं आणि मी ते गावभर सांगत सुटलो. बटण दाबलं की समोरच्या पडद्यावर निळ्या गाडीचं चित्र यायचं आणि त्याखाली 'कम्फर्ट' उमटायचं.

गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाची मी परीक्षा घ्यायचो. खड्डा आला की बटण दाबून विचारायचो, "पडला ना फरक?" बायको खिडकीबाहेर बघायची. मेहुण्याला मात्र चांगलाच फरक पडायचा. त्याला घरच्या लग्नासाठी माझी गाडी हवी होती. एकदा शेजारची कोळीण सुक्या बोंबलांच्या पाट्या घेऊन मागे हौद्यात बसली होती. उतरल्यावर तिलाही विचारलं. कंबर धरून ती म्हणाली, "बटन तुज्याकडं हाय, दादा. आमी मागं व्हतो." हिला काय कळतंय, असं मी मनात म्हटलं.

आईचा मणका दबला तेव्हा तर त्या बटणाला भलताच भाव आला. पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी आणा, पण वाटेत धक्का लागू देऊ नका. धाकटा भाऊ त्याच्या साध्या गाडीतून न्यायला तयार होता. मी त्याला उडवून लावलं. "तुझ्या त्या डब्यात आईला कोंबू?" मग प्रत्येक खेपेला आई माझ्याशेजारी बसायची, दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरायची आणि मी बटण दाबायचो.

"बरं वाटतंय ना, आई?"

"वाटतंय रे. बरं वाटतंय."

घरी आल्यावर ती संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. त्याचा दोष मी व्यायाम घेणाऱ्या मुलीला दिला, तिला एकदा चार लोकांत सुनावलंसुद्धा. असं दीड वर्ष चाललं.

शेवटी टायर चट्ट्याचट्ट्यांनी झिजले, म्हणून मी गाडी बोईसरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने काही न विचारता गाडीचा एक कोपरा दाबून सोडला. गाडी डोलतच राहिली. मग तो खाली शिरला, बाहेर आला आणि काळं झालेलं बोट माझ्यापुढे धरलं.

"चारों शॉक गए हैं, सेठ. तेल कब का बह गया. ऊपर की मिट्टी भी सूख गई है. आपके लेने से पहले का काम है ये."

"पण बटण दाबलं की कम्फर्ट येतं," मी म्हणालो.

"लिखा हुआ आता है," तो म्हणाला. "वायर ठीक है ना. अंदर तेल है कि नहीं, वो थोड़ी देखता है."

दीड वर्ष मी आईला एक चित्र दाखवत होतो. तसेच बटणवाले शॉक मुंबईहून मागवू की साधे बसवू, असं त्याने विचारलं. साधे बसव म्हटलं. पुढचे दोन, मागचे दोन, जेवणाच्या वेळेपर्यंत काम झालं. साध्या शॉकना बटणाची वायर जोडता येत नाही, म्हणून तेव्हापासून पडद्यावर पिवळा दिवा कायमचा पेटलेला आहे. आत काहीच नव्हतं तेव्हा ही गाडी सगळं ठीक म्हणत होती, आणि आता खरंच ठीक झालंय तर तक्रार करते.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन पालघरला निघालो. वळणावरचा नेहमीचा खड्डा आला. गाडी एकदा दबली, उचलली आणि गप्प झाली. मी तिरक्या नजरेने पाहिलं. आईची पकड सैल झाली होती. थोड्या वेळाने तिने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"आज बटन नाय दाबलंस?"

"बंद पडलंय ते."

"बरं झालं," ती म्हणाली. "तू ते दाबलंस का मला बरं वाटतंय म्हनावं लागायचं."