पंधरा दिवसांच्या गोळ्या

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी भलत्याच माणसावर दातओठ खाणार नाही.

मी डॉक्टर. एका धर्मादाय संस्थेचे आमच्या भागात चार दवाखाने आहेत. एक कर्जत गावात, एक भिवपुरीच्या बाजूला, एक खालापूरला हायवेजवळ आणि चौथा कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. हा चौथा माझा. चौदा वर्षं मी कर्जतहून स्कूटीवर तिथे जाते-येते. औषधं संस्थाच देते. पेशंटकडून चहाच्या पैशाएवढं काहीतरी घ्यायचं, आणि नाहीत म्हणाला तर तेही सोडून द्यायचं. मला हे काम फार आवडायचं.

माझ्याकडची माणसं बाजाराच्या दिवशी येतात. वरच्या वाड्यांतून जीपा भरभरून उतरतात. मीठ-मिरची, पोरीच्या चपला, बॅटरीचे सेल आणि जाता जाता दवाखाना. एका खेपेला जीपचं भाडं आणि दिवसाची मजुरी, दोन्ही जातात. म्हणून पहिल्याच वर्षी मी ठरवून टाकलं होतं की ज्याचं औषध कायमचं आहे, मग बीपी असो, दमा असो, फिट असो, त्याला दोन महिन्यांचं एकदम द्यायचं. आमचे फार्मासिस्ट खालापूरकडचे, साठीला टेकलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते प्रत्येक पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते समजावून द्यायचे. पेशंट पिशवी भरून घेऊन जायचा तो दोन महिन्यांनी उगवायचा. आमचं छान चाललं होतं.

वरच्या वाडीतल्या एका सुनेला पहिल्यांदा तिची सासू घेऊन आली, त्याला आता साडेतीन-चार वर्षं झाली. चुलीपुढे फिट येऊन हात कोपरापर्यंत भाजला होता. पंचविशीची पोर, पदरात एक मुलगी. नवरा माथेरानला एका हॉटेलच्या भटारखान्यात, पंधरा दिवसांनी डोंगर उतरून घरी यायचा. फिट लहानपणापासूनच्या, आणि माहेरच्यांनी ते लग्नात दडवलेलं. दुसरी एखादी सासू असती तर सुनेला माहेरी सोडून मोकळी झाली असती. ही मात्र माझ्यासमोर बसून म्हणाली, "आता माजी हाय ती. काय करायचं ते सांगा."

मी आधी स्वस्तातली गोळी दिली. फिट कमी झाल्या, पण पोर दिवसभर झोपेत. भाकरी थापता थापता पेंगते म्हणून सासू सांगत आली. मग मी महागातली दिली, सकाळ-संध्याकाळ एक-एक. ती मानवली. त्यानंतर तिला एकही फिट आली नाही. सासूला मी बजावून ठेवलं होतं की नदीवर, विहिरीवर, चुलीपाशी हिला एकटीला सोडायचं नाही. आणि त्या बाईने ते अक्षरशः पाळलं. वीजघराचं सोडलेलं पाणी येतं म्हणून आमच्या नदीला भर उन्हाळ्यातही पाणी असतं, सगळ्या वाड्यांच्या बायका तिथेच धुणं धुतात. ही धुवायची आणि सासू शेजारच्या दगडावर बसून राहायची. बायका चिडवायच्या, लग्नाला किती वर्षं झाली गं, आणि पाठराखीण अजून गेली नाय का?

एकदा सूनच माझ्याकडे कुरकुरली. "बाई, हिला सांगा ना. म्या काय तान्ही पोर हाय? सगळ्या हसतात मला. एक दिस तरी मला एकटीला जाऊ द्या म्हनावं."

मी हसून म्हणाले, "बसू दे गं तिला. गोळ्या चालू आहेत तोवर बसू दे."

हे वाक्य मी किती सहज बोलून गेले होते!

मग तो तक्ता आला. संस्थेने औषधांच्या खर्चाकडे बघायला एक नवा अधिकारी नेमला होता. चाळिशीचा, नम्र, आवाज कधी न चढवणारा. त्याने चारही दवाखान्यांच्या चिठ्ठ्या तपासून, एका चिठ्ठीमागे कुठला डॉक्टर सरासरी किती खर्चाची औषधं लिहितो, याची पट्ट्यांच्या आलेखात तुलना काढली आणि आमच्या ग्रुपवर टाकली. नावं नव्हती. डॉक्टर एक, दोन, तीन, चार. चौघांत चौथा कोण हे कळायला काय ज्योतिषी लागतो? बाकीच्यांच्या पट्ट्या गुडघ्याएवढ्या आणि माझी छताला. वर तांबडा रंग. खालापूरच्या आमच्या सहकाऱ्याने खाली अंगठा टाकला होता. अंगठा! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

खालापूरला मीटिंग झाली. मी घरून निघतानाच भांडायच्या तयारीने निघाले होते. "तुमच्याकडे कारखान्यातले कामगार येतात," मी त्या सहकाऱ्याला म्हणाले. "सर्दी झाली, तीन दिवसांच्या गोळ्या, पुन्हा शिंकला, पुन्हा तीन दिवसांच्या. तुमचा एक माणूस महिन्यात चार चिठ्ठ्या फाडतो. माझा दोन महिन्यांतून एकदा येतो. मग माझी चिठ्ठी मोठी होणार नाही तर काय होणार?"

तो अधिकारी सगळं शांतपणे ऐकून घेत होता. म्हणाला, "मॅडम, यात कुणाला दोष द्यायचा नाहीये. मुद्दा बरोबर आहे तुमचा. एक पान लिहून द्या, कुठल्या आजाराला किती दिवसांचं देता ते. मी चिठ्ठीमागे नाही, दिवसामागे खर्च काढतो. रकाना बदलायचा, एवढंच."

एवढंच होतं. एक पान. आज वाटतं, त्याच टेबलावर त्याच्याच पेनने खरडून दिलं असतं तर? पण मला राग आला होता, आणि राग आला की माझ्या मेंदूला कुलूप लागतं. मी म्हणाले, "चौदा वर्षं काम केल्यावर आता मी खुलासे लिहीत बसू? मी काय गुन्हा केलाय? तुम्हाला पट्टी खाली हवी ना, घ्या, खाली करून दाखवते." आणि चहाला न थांबता निघून आले.

खोटं कशाला बोलू, रागाच्या खाली लाजही होती. वर्गात सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं वाटलं होतं. मी पैसे उधळते, मी बेफिकीर आहे, असं त्या तिघांना वाटत असेल, हे मला सहन होत नव्हतं.

पुढच्याच बाजारापासून मी सगळ्यांना पंधरा दिवसांचं लिहायला लागले. चाचा पहिल्याच दिवशी खिडकीतून वाकून म्हणाले, "मॅडम, वरच्या वाडीवाल्यांना पण पंधराच? ते येणार कसे?"

"येतील," मी म्हणाले. "गरज असेल तर येतील."

चाचांनी चष्मा वर सरकवला आणि ते गोळ्या मोजायला लागले.

होळीच्या आधीच्या बाजाराला त्या दोघी आल्या. गर्दी होती. सूनबाईची तब्येत छान, चेहऱ्यावर तुकतुकी. मी चिठ्ठी लिहिली, चाचांनी पाकीट दिलं, आणि सासू ते हातात घेऊन परत माझ्याकडे आली. पिशवी उघडून दाखवत म्हणाली, "बाई, एवढ्याच? कमी केल्या?"

मी मान वर न करता म्हणाले, "हो, आता एवढ्याच. पंधरा दिवसांनी या."

संस्थेचा हिशेब, पट्टी, तांबडा रंग हे त्या बाईला कुठल्या तोंडाने सांगणार होते? सासू सुनेकडे बघून हसली, सूनही हसली. जाताना सासूने दारातून मला हात जोडले. इतक्या वर्षांत तिने कधी हात जोडले नव्हते. मला वाटलं, होळीचं असेल. आणि पुढच्याला आत बोलावलं.

पंधरा दिवसांनी त्या आल्या नाहीत. उन्हाळी भाताची कापणी सुरू होती, त्या दिवसांत वरून कुणीच उतरत नाही. चाचा एकदा म्हणाले, ती फिटवाली आली नाही. मी म्हणाले, बघू. बीपीवालेही अर्धे आले नव्हते. पुढच्या तक्त्यात माझी पट्टी झपकन खाली आली. इतरांच्या बरोबरीला. मीटिंगमध्ये त्या अधिकाऱ्याने मनापासून अभिनंदन केलं, खालापूरच्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मी बटाटावडा खात होते. जिंकल्यासारखं वाटलं मला. खरंच वाटलं.

मे महिन्यात, बाजाराच्या दिवशी, सासू एकटी आली. रांगेत बसून राहिली. तिचा नंबर आला तेव्हा तिने ब्लाउजमधून गोळ्यांची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. आठ गोळ्या शिल्लक होत्या.

"ह्या उरल्यात. दुसऱ्या कुनाला उपेगी पडतील," ती म्हणाली. "ती गेली, बाई. नदीत."

ती सांगत राहिली. बाईंनी गोळ्या कमी केल्या म्हणजे दुखणं सरत आलं, असं त्या दोघींनी धरलं होतं. त्या दिवशी जीपमधून घरी जाईपर्यंत दोघी खूश होत्या. सून म्हणाली, बाईंनी कमी केल्या, मग आता दोन कशाला, एकच पुरे. मग पुढे एक दिवस आड. काहीच झालं नाही, तेव्हा खात्री पटली. नवऱ्याला फोन करून सांगितलं, औषध सुटत आलं. तो माथेरानहून बायकोला साडी घेऊन आला. आणि एका सकाळी सून धुण्याची बादली उचलून म्हणाली, आता तर पाठराखीण नको ना?

"म्या म्हटलं, जा गं बाय, जा एकटी. किती वर्सं तिच्या मनात व्हतं. गानं म्हनत गेली. पानी तरी किती, बाई, गुडघ्याएवढं. बायका पलीकडच्या अंगाला व्हत्या, कुनी बघितलंच नाय."

ती रडत नव्हती.

"लेक घरी येत नाय आता," ती म्हणाली. "बोलतो, तूच मारलीस तिला. डाक्टरीनबाईंनी सांगितलं व्हतं एकटी सोडू नको, तू सोडलीस. खरंच हाय त्याचं. तुमी सांगितलं व्हतं. माजीच चूक ना, बाई?"

हे मला विचारत होती ती, माझ्या तोंडाकडे बघत. दारापाशी रांग होती, खिडकीत चाचा उभे होते. तुझी नाही, माझी चूक, एवढे चार शब्द होते. मी म्हणाले, "असं मनात आणू नका." तिला तो मोठेपणा वाटला माझा. तिने माझा हात धरून कपाळाला लावला.

त्या आठवड्यात मी त्या अधिकाऱ्याला पान लिहून पाठवलं. त्याने दहा मिनिटांत रकाना बदलला. मी चाचांना सांगून पुन्हा दोन-दोन महिन्यांची पाकिटं सुरू केली. चाचा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सासूच्या मुलाला खरं सांगायचं म्हणून मी दोनदा निघाले. पहिल्यांदा नेरळपर्यंत गेले आणि परत फिरले. दुसऱ्यांदा माथेरानचा घाट चढून दस्तुरी नाक्याला पोचले. तिथून पुढे गाडी जात नाही, चालावं लागतं. घोडेवाले मागे लागले, मॅडम घोडा, मॅडम घोडा. मी तिकिटाच्या रांगेपर्यंत गेले, थोडा वेळ उभी राहिले आणि गाडी वळवली. संस्थेत कळलं तर? त्याने दवाखान्यात येऊन आरडाओरडा केला तर? असलं काय काय डोक्यात येत होतं. भेकड आहे मी, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. इतकी वर्षं मोठ्याने बोलत होते म्हणून मी स्वतःला धीट समजत होते.

परवाच्या बाजाराला सासू स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांना आली होती. नात बरोबर होती, शाळेचा दाखला काढायला आणलेली. खंगलीय म्हातारी. मी विचारलं, "मुलगा आला का घरी?"

"नाय," ती म्हणाली. "येनार बी नाय तो. त्याचं काय चुकलं, बाई? चूक माजीच हाय."

मी तिची चिठ्ठी लिहिली. दोन महिन्यांची.