डाव्या तळहातावरची नजर

सन दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. अंबाजोगाईला डोळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला ग्लॉकोमा आहे." म्हणजे काचबिंदू. डोळ्यात पाण्याचं प्रेशर वाढतं आणि आतली नस दबून मरते. दुखत न्हाई, खुपत न्हाई. कडेचं दिसणं आधी जातं, माणसाला पत्ता लागत न्हाई. उजवीकडून आलेली मोटारसायकल मला दिसलीच नव्हती, म्हणून मी दवाखान्यात गेलतो.

"गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची. थेंब जन्मभर घालायचे. आणि डोकं खाली, पाय वर असलं काही करायचं नाही."

माझं डोकं फिरलं. मी चौथी शिकलेला, पण शीर्षासनात पंचक्रोशीत माझी बरोबरी कुणी केली न्हाई. दुकानात गल्ल्याच्या वर तसा फोटोच लावलेला. म्हणलं, "बाई, योगानं कुणाचं वाईट होत असतंय का?"

"त्या आसनात डोळ्याचं प्रेशर दुप्पट होतं, बाबा."

नातीच्या वयाची पोरगी मला योग शिकवती! थेंबाची बाटली घरी आणून देवळीत ठेवली ती ठेवलीच.

आमी लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्यावर नजर लावायची, श्वास हळू करायचा. हा आमचा शिवयोग. मठातल्या अप्पांनी, माझ्या गुरूंनी, मला तो विसाव्या वर्षी दिला. नजर गेली तर हेच जाणार. हे कळत असून मी बाटली उघडली न्हाई.

पंधरा दिवसांनी शाळेच्या मैदानावर योगाचा कार्यक्रम झाला. शिकवणारा बुटासकट चटईवर उभा, कर्ण्यावर सिनेमाचं गाणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बूट काढ बे! बसायच्या आधी आसनाच्या पाया पडतेत."

"आजोबा, व्यायाम हाय हा. मंदिर थोडंच हाय?"

"थांब, दावतो तुला!"

माझा पोरगा महादेव मागून बोंबलला, "दादा, बाईंनी न्हाई म्हणलंय!" मी म्हणलं, गप. चढलो स्टेजवर, झालो उलटा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल काढले. मी आणखी थांबलो.

दिवेलागणीला बल्बाभोवती रंगीत कडी दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी परत अंबाजोगाई. नंबराची चिठ्ठी घेऊन दुपारपर्यंत बाकावर बसलो. मग फिल्ड टेस्ट. म्हणजे मशीनमध्ये तोंड घालायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. शेजारचा माणूस टकटक दाबत होता. माझा अंगठा नुसता वाट बघत बसला.

बाईंनी कागद बघितला. "थेंब घातले का?"

महादेव म्हणाला, "बाटलीचं सील बी तोडलं न्हाई."

बाई चिडल्या न्हाईत. त्यांनी एवढंच विचारलं, "शीर्षासन तुमच्या गुरूंनी शिकवलं होतं का?"

ते मी तालमीत पोरांशी पैज लावून शिकलो होतो. अप्पांनी फक्त बसायला शिकवलं. वर बजावलं होतं, "हे कुणाला दावायचं न्हाई." त्या बूटवाल्यानं चटई बाटवली म्हणून मी पेटलो. मी तर चाळीस वर्षं टाळ्या खात होतो.

त्याच्यावरचा राग आजबी हाय. बूट काढायलाच पायजेत. पण त्याच्यापेक्षा जास्त राग माझा मला येतो.

माझ्यासारखे हट्टी म्हातारे असतील त्यांना सांगतो. चाळिशी झाली की डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या. दुखायची वाट बघू नका. आणि आसन करता ते डॉक्टरला सांगा, योगाचं नाव मधी घालून वाद घालू नका. त्या बाईंचे उपकार मी न्हाई फेडू शकत.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्यावरचा फोटो उतरवला. अंघोळ केली, विभूती लावली. सुनेकडून डोळ्यात थेंब घालून घेतले. कोठीचं दार लावलं, घोंगडीच्या पाया पडलो आणि लिंग तळहातावर घेतलं. कडेची बोटं दिसत नव्हती. लिंग दिसत होतं.