मधल्या खोलीची चूल

मी घरमालक आहे, ही गोष्ट माझे भाडेकरू सोडून सगळ्यांना मान्य आहे. जळगावात आमच्या राहत्या घराला लागून तीन खोल्यांची ओळ आहे. मातीच्या भिंती, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. आबांनी बांधली, माझ्या वाट्याला आली. एवढ्या भांडवलावर नात्यागोत्यात मी जाणता समजला जातो. कुणी दोन खोल्या बांधायला काढायच्या म्हटल्या की, "त्याला विचारा, त्याचा जन्म त्यात गेला," असं म्हणून माणूस माझ्याकडे धाडतात. जन्म खरोखरच त्यात गेला. बराचसा गळती शोधण्यात.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याहून पुतण्या आला तो याचसाठी. थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, मुलगा. त्याने तिथेच देवपुराकडे जागा घेतलीय. दुपारी जेवणं झाल्यावर पानाला चुना लावत म्हणाला, "काका, भाड्याच्या खोल्या काढायच्या तर काय काय पाहायचं, ते सगळं सांगा. काही राखून ठेवू नका."

मग मी लोडाला टेकून सांगायला बसलो. सल्ला देताना मी फार शोभतो, असं माझं मत आहे. आमच्या हिचं तसं नाही. ती आतून म्हणाली, "आधी आपल्या न्हाणीचा दगड बसवा म्हणावं."

मी सांगितलं ते सगळं आबांचंच होतं. न्हाणीचं पाणी कुठून कुठे जाणार ते भिंती उभ्या करायच्या आधी ठरव, नाहीतर जन्मभर बायकांची भांडणं सोडवत बसशील. धाब्याचा जिना बाहेरून काढ. भाडेकरूच्या स्वयंपाकघरातून वर जाणारा मालक म्हणजे चोर. दर वर्षी पावसाआधी धाब्यावर पाणी अडवणारी खारी माती टाकायची ती मालकाने. भाडेकरूवर सोडलीस तर तो पुढच्या वर्षी टाकतो. बिऱ्हाड ठरवताना पुरुषाशी बोल, पण बाईच्या हातातली पाण्याची कळशी पाहा. कळशी लख्ख असली की खोलीही लख्ख राहते. आणि नातलगाला भाड्याने खोली द्यायची नाही. द्यायचीच तर भाड्याचं नाव काढायचं नाही.

"आणि शेवटचं," मी म्हटलं, आणि थांबलो. शेवटचं आबांचं वाक्य त्याच्यासमोर म्हणायचं की नाही, हे मला उमगेना.

आबा मूळ चोपड्याकडचे. गावातला आपला तुकडा विकून ते जळगावात आले. पण बोली आणली ती गावचीच. नव्याने खोल्या काढणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "खोली रिकामी ठेवू नको रे भाऊ. मानूस नही ऱ्हायना ते वाळवी ऱ्हास." धाब्याच्या घराचं असंच असतं. खाली चूल पेटली की धूर वरच्या सऱ्यांना, छत पेलणाऱ्या आडव्या लाकडांना, बसतो, लाकूड काळंकुट्ट होतं आणि त्याला कीड शिवत नाही. "घर कोनं शे?" ते विचारायचे आणि उत्तरही आपणच द्यायचे, "ज्यानी चूल पेटस, त्यानं."

असं सांगणाऱ्या माणसाने आपल्या तीन खोल्यांतली मधली खोली वर्षानुवर्षं कुलपात ठेवली.

ती दादाची खोली. ओळ बांधून झाली तेव्हा दादा धुळ्याच्या कापडगिरणीत लागला होता, कापूस पिंजतात त्या खात्यात. "दोन वर्षं काढतो, मग इथेच एखाद्या जिनिंगात बघतो," असं सांगून गेलेला. आईने तेव्हाच ठरवलं, मधली खोली थोरल्याची. तिने आपल्या हाताने तिथे चूल घातली, सारवली, कोपऱ्यात नारळ ठेवला. नव्या घरात शिरताना चुलीवर दूध उतू घालायचं, ते थोरल्या सुनेच्या हातून. एवढंच तिला हवं होतं. दोन्ही कडेच्या खोल्यांत नवं बिऱ्हाड आलं की आई स्वतः दुधाचं भांडं घेऊन जायची, दूध उतू गेलं की खुशीने हसायची आणि परत येताना मधल्या दाराच्या कुलपाला हात लावून यायची.

दादा दर आखाजीला यायचा. वहिनी, मुलं, धुळ्याची लुगडी, सगळ्या घराला उकाड्यात जाग यायची. वहिनी एकदा म्हणाली, "आई, खोली उघडा ना. दोन दिवस आम्ही तिथेच निजू."

"पाहुना म्हनीसन नही," आई म्हणाली. "ऱ्हावाले येशात, तवय." राहायला याल, तेव्हा. नवी चूल एकदा पेटवली की विझू द्यायची नाही, असा तिचा नेम. दोन दिवस पेटवून कुलूप घालायचं म्हणजे घराला सुतक लावणं.

मग सगळी माणसं धाब्यावर निजायची. दादा मुद्दाम आपल्या खोलीच्या वर पथारी टाकायचा आणि हात पसरून म्हणायचा, "खोलीमां नही ते खोलीवर तरी झोपनू ना!" आबा अंधारात हसायचे. खाली त्यांच्या पाठीखाली काय चाललं होतं ते कुणाला दिसत होतं?

फाळणीनंतर गावात सिंधी कुटुंबं आली. जागेसाठी लोक दारोदार फिरत. एक उंच गृहस्थ बायकोला घेऊन आमच्या ओळीसमोर उभे राहिले. कडेच्या दोन्ही दारांत धूर, मधल्या दाराला कुलूप. त्यांनी विचारलं, "इसमें कौन रहता है?"

"मन्हा पोऱ्यानी खोली शे ती," आबा म्हणाले.

"किधर है आपका बेटा?"

"धुळ्याला."

ते गृहस्थ बराच वेळ कुलपाकडे बघत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "रखिये, रखिये. हम भी ताला लगाके आये हैं." आणि निघून गेले.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. पण खोलीही उघडली नाही. उलट पुढच्या दसऱ्याला कुलपात तेल जास्त घातलं.

दादाच्या दोन वर्षांची चार झाली, चाराची किती झाली ते आई मोजत नव्हती. दरसाल वैशाखात आबा खाऱ्या मातीच्या गाड्या आणवत, स्वतः धाब्यावर चढत आणि माती पसरून बडवत. मधल्या खोलीवर एक थर अधिक. "थोरल्याची शे, गळाले नको," म्हणायचे. एका कडेला पिंजाऱ्याचं बिऱ्हाड होतं, त्याची बायको, आमची सगळ्यांची चाची, खालून ओरडायची, "आबा, हमारे ऊपर भी डालो! हम क्या सौतेले हैं?" मी वर गेलो तर तिचं निराळंच असायचं. "मालक चढे, मालक चढे! अब अच्छी टपकेगी." माझ्या हाताचा गुण तिला ठाऊक होता.

शेवटी दादाचं येणं ठरलं. गिरणीच्या त्या खात्यात कापसाचं तूस दिवसभर हवेत उडतं. ते त्याच्या छातीत जाऊन बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, गिरणी सोडा, घरी जा, मोकळ्या हवेत राहा. आखाजीनंतर येतो, असा त्याचा निरोप आला. आजारी होऊन येतोय हे आईला कळलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर दुःख आणि आनंद एका वेळी असे काही आले की पाहवेना. तिने गवळ्याला सांगून ठेवलं, त्या दिवशी म्हशीचं निरसं दूध पाहिजे, पाण्याचा थेंब नको.

आबांनी त्या वर्षी मातीची गाडी जास्त आणवली. मी ओट्यावर बसून देखरेख करत होतो. म्हणजे चहा पीत होतो. वर बडवण्याचा आवाज चालू होता. तो थांबला, काहीतरी पिचल्यासारखं झालं आणि आबांची हाक आली. धावत वर गेलो. पाहतो तर आबा धाब्यावर बसलेले, एक पाय मांडी घातलेला आणि दुसरा मांडीपर्यंत धाब्यात गेलेला.

मला हसू आलं. आत्ता लिहितानाही त्या चित्राचं येतं. आमची ही खाली अंगणात होती, ती तोंडाला पदर लावून हसत होती. चाची तर म्हणाली, "मालक का पाँव किरायेदार हो गया!"

"हासू नका," आबा म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "खाली जाय. कुलूप काढ."

तेल घातलेलं कुलूप मऊसूत उघडलं. आत अंधार, मातीचा कोंदट वास, आणि वरून लोंबणारा आबांचा पाय. भिंतींवर वाळवीच्या मातीच्या शिरा जमिनीपासून आढ्यापर्यंत चढलेल्या. मी मधल्या सऱ्याला बोट लावलं, ते आत गेलं. वरून लाकूड शाबूत दिसत होतं, आत नुसता भुगा. ज्या सऱ्यांना एक दिवस धूर लागला नाही, त्यांच्यावर आम्ही दर वर्षी प्रेमाने एक एक थर चढवत होतो. चूल मात्र जशीच्या तशी होती. सारवलेली, कोरी.

आबांना फारसं लागलं नव्हतं. त्यांना उतरवलं तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले, वर बघितलं, आणि आईला म्हणाले, "मीच सांगे ना बठ्ठास्ले?" सगळ्यांना मीच सांगत होतो ना? आईने कोपऱ्यातला नारळ उचलला. तो कधीच सुकून हलका झाला होता.

धाबं उतरवावंच लागलं. दादा टांग्यातून उतरला तेव्हा त्याच्या खोलीला चार भिंती होत्या आणि वर आभाळ. तो दारात उभा राहून बघत राहिला, मग खोकत खोकत म्हणाला, "डॉक्टरने मोकळी हवा सांगितली ती आबांनी फारच मनावर घेतली." सगळे हसले. वहिनी सामानाच्या पेटीवर बसून रडली.

आमच्या घरात तेवढी माणसं मावेनात. आधीच आम्ही एकमेकांच्या अंगावरून चालत होतो. पावसाळा तोंडावर, मातीचं काम तेव्हा होत नाही. दादाने दोन गल्ल्या पलीकडे एक खोली भाड्याने घेतली. "दिवाळीपर्यंतच," म्हणाला. घरमालकाचा थोरला मुलगा दुसऱ्याचा भाडेकरू झाला. आई दूध घेऊन तिथेही गेली. पण त्या घराच्या मालकिणीने आपलं दूध आधीच चुलीवर ठेवलं होतं. आईने मुलांना तिथेच पेल्यातून दूध पाजलं आणि रिकामं भांडं घेऊन परत आली.

आबा रोज सकाळ-संध्याकाळ दादाकडे जाऊन बसत. जाताना मधल्या खोलीवरून जावं लागू नये म्हणून मागच्या बोळाने जात. दिवाळी झाली तसे नवे सागवानी सरे आणले, वर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, त्यावर माती. काम संपलं तेव्हा पौष लागला होता. खोली तयार, दादा दोन गल्ल्यांवर. आणि आई म्हणाली, पौषात नवी चूल पेटवत नाहीत. इतकी वर्षं थांबलो, महिनाभर थांबू. कुणी हरकत घेतली नाही. दादा म्हणाला, "मुहूर्ताने येऊ, आई. मी कुठे पळून जातोय."

त्या पौषात थंडी फार पडली. केळीच्या बागा करपल्या. दादाला रात्री बसून काढाव्या लागत. एका पहाटे वहिनीने धाकट्या मुलाला धाडलं, आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आबा म्हणाले, "आपला दारमातून निंघू दे." दादाला उचलून घरी आणलं आणि मधल्या खोलीत ठेवलं. त्या घरात तो तसा पहिल्यांदा शिरला. घरात मयत असताना चूल पेटत नाही. आई त्याच्या उशाशी बसली होती. चुलीला पाठ करून बसली होती.

दिवस झाल्यावर वहिनी मुलांना घेऊन धुळ्याला माहेरच्या आसऱ्याला गेली. खोलीचं नाव कुणी काढेना. मीही कुलूप घेऊन आलो, नवीन. आईने ते माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "चाचीले सांग, कोनी बिऱ्हाड व्हई ते धाड." आठवड्यात एक जोडपं आलं, पहूरकडचं, नवं लग्न झालेलं. त्या पोरीची कळशी काही लख्ख नव्हती. आईने पाहिलं आणि तरी खोली दिली. तिने स्वतः जाऊन चूल पेटवली. दूध उतू गेलं, राखेत सांडलं, खरपूस वास सुटला. ती पोर टाळ्या वाजवून हसली. आई हसली नाही. पण धूर सऱ्यांना लागेपर्यंत तिथेच उभी राहिली. आबा पुढच्याच वर्षी गेले, आई त्यानंतर. ते जोडपं अजून आहे, तीन मुलांसह, आणि छत गळतं म्हणून मला बोलतं.

"शेवटचं काय, काका?" पुतण्याने विचारलं.

"खोली रिकामी ठेवू नकोस," मी म्हटलं.

तो पानाचा देठ मोडत बसला. मग म्हणाला, "तीन खोल्या काढतोय. दोन भाड्याने देईन. तिसरी तुमची आणि काकीची. म्हातारपणी धुळ्याला याल ना. तोवर कुलूप घालून..."

"उद्याच बिऱ्हाड घाल तिच्यात," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण ही आतून बाहेर आली. "परवा नाही, उद्या. कळशी बिळशी बघू नकोस."

"आणि तुम्ही आलात तर?"

"तर ओट्यावर निजेन. नाहीतर धाब्यावर. आत चूल पेटलेली असली म्हणजे झालं."

त्याने मान हलवली. हिने न्हाणीच्या दगडाचं नावही काढलं नाही. थोड्या वेळाने तिने आत जाऊन आमच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.