आबांचं भ्या

आमच्या धावपट्टीवरचे आबा हे मी पाहिलेले सगळ्यांत भित्रे गृहस्थ. नोकरीला आले त्या दिवशी, मी काम समजावून सांगायच्या आधीच त्यांनी बजावलं, "म्याडम, मी लई भित्रा माणूस हाय. ठेवायचं तर तसंच ठेवा." निमोण्याच्या माळावर तीस वर्षं मेंढरं राखलेला, लांडगा काठीच्या अंतरावर पाहिलेला माणूस हे सांगत होता. मला वाटलं, जड काम टाळायची ही नवी तऱ्हा असावी.

शिरूर आणि दौंडच्या मधल्या माळावर वैमानिक घडवणारी एक लहान संस्था आहे. तिथली धावपट्टी आणि भोवतालचं मैदान माझ्याकडे. मी खुटबावची, शेतकऱ्याच्या घरातली; रोज स्कूटरवरून ये-जा करते. विमानाला धोका म्हणजे वादळ नाहीतर इंजिन, असं लोकांना वाटतं. आमच्याकडचा धोका चार पायांचा असतो. चारी बाजूंनी ऊस, उसात रानडुकरं, कोल्हे, कधी बिबट्या. उतरत्या विमानाच्या चाकाखाली डुक्कर आलं तर आतलं पोर वाचेल, याची हमी कोणी देत नाही. आणि ती पोरं असतात अठरा-वीस वर्षांची. जनावरांना पट्टीपासून लांब ठेवायला मी आबांना घेतलं होतं.

त्यांची पद्धत कुठल्याही नियमपुस्तकात नव्हती. संध्याकाळी सायकलच्या मागे बाभळीची फांदी बांधून ते कुंपणाच्या आतून सगळं मैदान फिरायचे. फांदीने माती पाटीसारखी साफ व्हायची. सकाळी पहिलं विमान सुटायच्या आत त्याच मातीवरून पायी फिरून पावलं वाचायची. कोल्हा एका रेषेत चालतो, कुत्रं रेंगाळत जातं, डुकराच्या खुरामागे दोन टिंबं उठतात, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. आत गेलेली पावलं दिसली आणि बाहेर आलेली दिसली नाहीत, की आबांचा चेहरा उतरायचा. "जनावर आलं ह्याचं भ्या न्हाई, ताई. ते आता कुठं बसलंय, ह्याचं भ्या." मग ते जनावर सापडेपर्यंत विमान सुटायचं नाही. आमचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणतात, घड्याळ बघत फेऱ्या मारायचे.

"आबा, एका सशासाठी चार विमानं उभी आहेत," कॅप्टन एकदा म्हणाले.

"मग सशाला तुमीच सांगा, सायेब. तुमचं विंग्रजी चांगलं हाय."

दुसरी सवय ऊसतोडीची. मोसमात ते रोज वेशीवर विचारून यायचे, आज कुणाच्या उसाला कोयता लागला, उद्या कुणाच्या. ऊस तुटला की त्यातली जनावरं निघणार, आणि निघाली की मोकळं मैदान आमचंच. कुंपणालगतचा फड असेल त्या दिवशी आबा सकाळपासून पाणीसुद्धा धड प्यायचे नाहीत. मी हसायची.

ओढ्याकडच्या कोपऱ्यात तारेखाली हातभर फट होती. ती आबांना ठाऊक होती आणि त्यांनी मुद्दाम ठेवली होती. मला कळलं तेव्हा मी संतापले. जनावरं बाहेर ठेवायला नेमलेला माणूस त्यांच्यासाठी दार उघडं ठेवतो, हे मी तपासणीला आलेल्यांना काय म्हणून सांगायचं?

"मेंढराच्या वाड्यालाबी एक तोंड आसतं," आबा म्हणाले. "आत घुसलेल्या जनावराला जायला वाट न्हाई गावली, तर ते मधी पळतं. आन् ही फट बुजवली, तर तारंची दुसरी जागा त्यानी कवा उकरली, ते तुमाला कळायचं न्हाई."

"आतच येणार नाही, आबा. सगळीकडे तार आहे."

मी त्याच दुपारी दगड रचून फट बुजवून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन वर गेली होती. एकच फेरी मारायची आणि उतरायचं. कॅप्टन पट्टीच्या कडेला रेडिओ घेऊन उभे होते. पूर्वेकडच्या उसाची तोड दुसऱ्या दिवशी लागणार, असं आबांना कळलं होतं. पण टोळी एक दिवस आधी आली. कोयत्यांचा आणि ओरडण्याचा आवाज आला तेव्हा विमान उतरणीला लागलं होतं. तारेखालची माती उकरून डुकरं आत आली. एक मादी आणि मागे चार पिल्लं.

ती सरळ ओढ्याकडच्या फटीकडे गेली. वाट त्यांच्या ओळखीची होती. तिथे दगड बघून मादी थबकली, वळली आणि पट्टीकडे निघाली. मी जीप काढली, भोंगा लावला आणि तिच्यावर घातली. पिल्लं चारी दिशांना फुटली आणि मादी पट्टीच्या मधोमध आली. कॅप्टन रेडिओवर एकच वाक्य म्हणत होते, "उतरू नकोस, वर घे. वर घे." चाकं जमिनीपासून पुरुषभर उंचीवर असताना त्या मुलीने विमान वर घेतलं. मला भोंगा बंद करायचं बटण सापडत नव्हतं.

त्याच वेळी मी आबांना पाठमोरं पळताना पाहिलं. डुकरांच्या उलट दिशेला. माझ्या मनात आलं ते लिहिते: पळाला म्हातारा.

ते ओढ्याकडे गेले होते. गुडघे टेकून दोन्ही हातांनी दगड ओढून काढत होते. फट मोकळी झाली तसे लांबून वळसा घालून डुकरांच्या मागच्या अंगाला आले आणि मला खुणेने गाडी बंद करायला सांगितलं. मग खांद्यावरची घोंगडी पसरून धरली आणि एक-एक पाऊल पुढे टाकत राहिले. ओरडले नाहीत, काठी उगारली नाही. तोंडाने फक्त मेंढरांना देतात तसा हलका आवाज. डोक्यावर त्या मुलीचं विमान घिरट्या घालत होतं. दुसऱ्या फेरीत रेडिओवर तिचा आवाज आला, "सर, किती वेळ?" कॅप्टननी तिला आणखी एक फेरी मारायला सांगितलं. मादी हळूहळू वळली, पिल्लं मागे आली. शेवटचं पिल्लू फटीतून बाहेर गेलं, तेव्हा आबा तिथेच मातीत बसले. विमान उतरलं.

त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. मी पाण्याची बाटली दिली. "आबा, चूक माझी."

"व्हय," ते म्हणाले. एवढंच.

नंतर त्या कोपऱ्यात आम्ही लोखंडी फाटक बसवलं. जनावराने आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही. कल्पना आबांची. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचे फोटो काढले. आबा तेव्हा लांब उभे राहून कुंपणाकडे बघत होते.

मागच्या वर्षी एका सकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि सायकलची किल्ली ठेवली, काम सोडतो म्हणाले. मला वाटलं, डोळ्यांचं काही असेल. "डोळं बरं हायती," ते म्हणाले. "पर आज पट्टी फिरलो आन् भ्या वाटलं न्हाई. काल बी वाटलं नव्हतं. उगा चालून आलो. मातीत काय हुतं ते आठवंना." मी थांबवायचा प्रयत्न केला नाही. पण जायच्या आधी ते मागे फिरून मैदानावर गेले, आणि त्या सकाळी माती पुन्हा आम्ही दोघांनी मिळून वाचली.

या मोसमात निमोण्याहून फोन आला, आबा गेले. तोड कुंपणाला लागली होती आणि दोन मुलं पहिल्यांदा एकटी उडणार होती, म्हणून मला मातीला जाता आलं नाही. दहाव्याला जाऊन आले.

फांदी आता मीच ओढते, सकाळी पावलंही मीच वाचते. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टी फिरून कचेरीच्या पायरीशी आले. कॅप्टननी विचारलं, "सोडू का?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, आज भ्या वाटलंच नव्हतं. पूर्वेच्या कुंपणाशी मातीत काय होतं, ते आठवेना.

"अर्धा तास थांबा," म्हटलं, आणि पहिल्या खांबापासून पुन्हा चालायला लागले.