वाया गेलेला मामा

मे महिन्यात आमच्या घरात दोन गोष्टी साचतात. खाटेखाली आंब्याच्या कोया आणि माझ्या डोक्यात अक्काच्या पोरांचे किस्से. कोया अव्वा झाडून काढते. किस्से तसेच राहतात. कट्ट्यावर मित्रांना एक सांगायला गेलो की त्याचं शेपूट धरून दुसरा येतोच. यंदा तर इतके झाले की म्हटलं, लिहूनच टाकावेत.

आधी घर सांगतो. आम्ही अणदूरचे. अप्पा म्हणजे वडील, अव्वा म्हणजे आई. घरात थोडं मराठी, थोडं कन्नड. अक्का माझी मोठी बहीण, सोलापूरला दिलेली. तिची दोन पोरं. गौरी दुसरीत गेलीय. बसू अजून शाळेच्या गेटवर रडतो. सुट्टी लागली की अक्का दोघांना घेऊन आमच्याकडं.

आणि मी. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं. न्हाय जमलं, सोडलं. दुसऱ्याच्या हौसेचं शिक्षण माणूस किती दिवस ओढणार? बॅग घेऊन घरी आलो त्या दिवसापासून अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही, शिव्या नाहीत. नुसतं बोलणं बंद. आपल्याकडच्या बापांना वाटतं, आपण गप्प बसलो की पोरगं सुधारतं! मी पण त्यांचाच पोरगा. मी पण गप्प.

इतके दिवस आमच्या मधले निरोप अव्वा न्यायची. पोरं आली आणि अप्पांनी त्यांना कामाला लावलं.

*

दुपारची वेळ. अप्पा आरामखुर्चीत, मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर. मधे एक चटई, चटईवर पोरं. पाण्याच्या मोटरचं बटण माझ्या खोलीत आहे, म्हणून निरोप.

"गौरे, तुझ्या मामाला सांग, टाकी रिकामी झालीय. मोटर चालू कर म्हणावं."

गौरी उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मामा, टाकी रिकामी झालीय. मोटर चालू कर."

"त्यांना सांग, लाईट गेलीय."

"आज्जा, लाईट गेलीय."

"मामाला सांग, आली की कर."

"त्यांना सांग, तेवढं कळतंय मला."

बसू चटईवर पालथा पडून एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. शेवटी उठून बसला.

"आज्जा, मामाला ऐकू येत न्हाय का?"

"येतंय की."

"मग तुमाला बोलता येत न्हाय का?"

अप्पांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. भर उन्हात!

*

लग्नसराई होती. अप्पांचे एक लांबचे पाहुणे पत्रिका द्यायला आले. सरबत झालं. पाहुण्यांनी बसूला मांडीवर घेतलं. आपल्याकडं पाहुणे दुसऱ्याची पोरं मांडीवर घेतात ती मायेनं न्हाय, माहिती काढायला.

"सांग बघू, कोण कोण हाय इथं?"

बसूनं बोट फिरवलं. "ही माझी मम्मी. ही आज्जी. हे आज्जा. आन् हा माझा वाया गेलेला मामा!"

इतक्या सहज म्हणाला, जसं कुणाला थोरला मामा असतो, कुणाला धाकटा. त्याच्या डोक्यात तो मामांचा एक प्रकारच होता. पोरं शब्द तयार करत नाहीत हो. घरात पडलेले उचलतात. आणि हा शब्द अप्पा रोज कुणाला ना कुणाला फोनवर ऐकवायचे, "पोरगं वाया गेलं आमचं."

घर गार पडलं. अव्वानं भरलेल्या ग्लासात परत सरबत ओतलं. अक्का पत्रिकेत तोंड घालून बसली. तेवढ्यात गौरीला शाळेतले संस्कार आठवले.

"बसू! मोठ्यांना असं अरेतुरे करतात का? 'वाया गेलेले मामा' म्हण!"

पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला मीच गेलो. गाडीला किक मारता मारता त्यांनी विचारलंच, "मग, काय करतोस सध्या?"

"वाया जातोय," म्हटलं. "अजून थोडा राहिलोय."

*

आमच्या घरात कूलर एक. त्याचं तोंड अप्पांच्या खुर्चीकडं. हे कधी ठरलं माहीत नाही, पण ते तोंड फिरवायचं म्हणजे सरकार पाडण्यासारखं. पोरं बाजूला चटईवर, घामोळं खाजवत.

एका दुपारी ऊन असं होतं की पत्रा तडतड वाजत होता. गौरी म्हणाली, "आज्जा, कूलर जरा आमच्याकडं करा की."

अप्पांनी बंडीची बटणं उघडली, छाती कूलरला दाखवली आणि सुरू झाले. "आमच्या काळात कूलर न्हवता. पंखा न्हवता. लिंबाखाली गोणपाट टाकून झोपायचो आमी. काय झालं आमाला? तुमी पोरं लई नाजूक."

मोठ्या माणसांचं हे लई भारी आहे. लिंबाच्या सावलीचं कौतुक कूलरसमोर बसून करतात! मी उंबऱ्यावर दातओठ खात होतो. पण गौरीनं सगळं नीट ऐकून घेतलं, बाईंचं ऐकते तसं. मग म्हणाली,

"मग आज्जा, तुमी तुमच्या काळात जाऊन बसा की. आमी इथं बसतो!"

अव्वा स्वयंपाकघरात अशी हसली की हातातलं पातेलं पडलं.

त्या दिवसापासून कूलरचं तोंड मधोमध. अर्धं वारं अप्पांना, अर्धं पोरांना. मला काहीच न्हाय. मी बाहेर. लिंबाखाली, गोणपाटावर.

*

शेजारी गंगव्वा राहते. म्हातारी आहे, बोलते कन्नडच. दारातून आत येतानाच विचारते, "ऊट आतेन?" म्हणजे जेवण झालं का. कन्नडमधे जेवणाला ऊट म्हणतात. आमच्या कानाला ते रोजचं. पण बसू सोलापूरच्या फ्लॅटमधे वाढलेला. त्यानं गंगव्वाचं ऐकलं आणि चटईवरून ताडकन उठला.

"कुठंय?"

"काय कुठंय?"

"उंट! ती म्हणली की, उंट आत येईन!"

आम्ही सांगेपर्यंत पोरगं दारात, मग गल्लीत, मग मागच्या गोठ्यात. घामाघूम होऊन परत आलं, डोळ्यांत पाणी.

"गेला उंट. तुमी लवकर सांगितलं न्हाय."

गंगव्वा पदर तोंडात घालून भिंतीला टेकून हसत होती. तिला तेवढं हसताना मी तरी पहिल्यांदा बघितलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात जेवणाचं नाव उंट. "मामा, चल, उंट आला." "आज्जी, आज उंटात काय हाय?" अव्वा पण बिघडली. भाकरी थापता थापता हाक मारायची, "या रे, उंट वाढलाय!" बसू मात्र जेवून उठला की दारात बसून खऱ्या उंटाची वाट बघायचा.

एकटे अप्पा चिडायचे. "ऊट म्हणा न्हायतर जेवण म्हणा. उंट काय? दोन्ही भाषांची वाट लावली समद्यांनी." मग गौरीकडं वळून, "तुझ्या मामाला सांग, हे त्यानंच शिकवलंय."

मी काही शिकवलं नव्हतं. पण आमच्या घरात काही बिघडलं की आरोपी आधीच ठरलेला असतो.

*

संध्याकाळी अप्पा पोरांना खंडोबाच्या देवळात न्यायचे. मी मागून जायचो, चार हात अंतर ठेवून. बसू दमला की त्याला उचलायला कुणीतरी लागतंच.

एकदा अप्पा पोरांना सांगत होते की आपला खंडोबा बारा महिने इथं नसतो. वर्षातले काही दिवस नळदुर्गला जाऊन राहतो.

"दरवर्षी?" गौरीनं विचारलं.

"दरवर्षी."

"आन् परत येतो?"

"येतो की. वाजत गाजत."

गौरीनं थोडा विचार केला. "म्हणजे नळदुर्ग देवाचं आजोळ हाय!"

अप्पा खूश. "तसंच म्हण की."

बसू माझ्या खांद्यावर होता. वरून म्हणाला, "मग तिथं देवाला पण वाया गेलेला मामा असंल."

मी जागीच थांबलो. देवाधर्माच्या बाबतीत अप्पा फार कडक. आता फटका पडतोय म्हणून मी बसूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. अप्पांनी उपरणं तोंडावर धरलं. पाठमोरे होते, पण खांदे हलत होते. मागं वळले, माझ्याकडं नजर गेली आणि लगेच खोकायला लागले.

घरापर्यंत खोकत आले. खोकला कुठला आला!

*

आता हा किस्सा हसण्यासारखा आहे की नाही, तुम्हीच ठरवा.

मळ्यातल्या विहिरीला यंदा पाणी बरं होतं. मी गौरीला पवायला शिकवत होतो. पाठीला रिकामा कॅन बांधायचा आणि द्यायचं ढकलून. मला अप्पांनी असंच शिकवलं. मला. अक्काला न्हाय. अक्का काठावर बसून माझे कपडे सांभाळायची. "पोरीला काय करायचंय पवून?" हे तेव्हाचं अप्पांचं वाक्य. मला अजून पाठ आहे.

अक्का यंदाही रोज यायची आणि काठावरच बसायची. मांडीवर गौरीचे कपडे.

एका सकाळी गौरी पाण्यातून ओरडली, "मम्मी, तू काय नुसती बसतीस? मामाला कॅन बांधायला सांग की!"

अक्कानं इकडंतिकडं बघितलं. ओढणी कमरेला आवळली. माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. मी कॅन बांधला. पायऱ्या उतरली, शेवटच्या पायरीवर थांबली, आणि धप्पकन उडी! नाकातोंडात पाणी, हातपाय कसेही, आणि हसायला लागली. आमची अक्का, जी सासरी मान वर करून हसत नाही, ती विहिरीत खिदळत होती.

"आज्जा आले!" वरून बसू ओरडला.

अप्पा काठावर उभे. अक्काचं हसू गेलं. दोन पोरांची आई, पण तोंड एकदम फ्रॉक घालणाऱ्या पोरीचं झालं. मी ठरवलं, आता हे एक शब्द बोलले तर आज निरोप नाही, मीच तोंडावर बोलणार. काय व्हायचं ते होऊ दे.

अप्पा बघत राहिले. मग म्हणाले,

"गौरे, तुझ्या मामाला सांग."

"काय सांगू?"

"तुझ्या आईचा कॅन सैल बांधलाय. घट्ट कर म्हणावं."

आणि निघून गेले.

*

पोरं गेली त्या दिवशी अव्वा पण त्यांच्यासोबत सोलापूरला गेली, चार दिवस लेकीकडं राहायला. सकाळच्या एसटीत चौघांना बसवून मी घरी आलो. घरात अप्पा आणि मी. मधे रिकामी चटई.

अव्वानं भाकरी, आमटी आणि शेंगाची चटणी झाकून ठेवली होती. वेळ होऊन गेली, पण झाकण कुणीच काढलं नाही. आधी वाढून घ्यायचं म्हणजे दुसऱ्याला विचारावं लागणार! अप्पा खुर्चीत, मी मोटर चालू करून माझ्या खोलीत. कूलर मधोमध, कुणाच्याच अंगावर नाही असं वारं टाकत.

अप्पा एकदा खाकरले. मग सवयीनं हाक मारली, "गौरे..."

चटईवर कुणीच नव्हतं.

थोड्या वेळानं ते फोनवर हळू आवाजात कुणाशी तरी बोलताना ऐकू आले. मग माझा फोन वाजला. नंबर अक्काचा, आवाज बसूचा.

"मामा, आज्जांचा फोन आलता. टाकी भरून वाहायलीय म्हणतेत. मोटर बंद कर."

मी हात लांब करून बटण बंद केलं. आमच्या दोघांत एक भिंत. निरोप सोलापूरला जाऊन आला!

"केली. ठेव आता."

"थांब की! अजून एक हाय. विचारायलेत, उंट आला का?"

मी दाराबाहेर डोकावून बघितलं.

"मामा? काय सांगू?"

"बसू, खरं सांग. आज्जा 'जेवला का' म्हणाले का 'उंट' म्हणाले?"

"उंट!" बसू चिडला. "उंटच म्हणाले. मी काय खोटं बोलतो का?"

"बरं. सांग त्यांना, न्हाय आला अजून."

फोन ठेवला. बाहेर अप्पांचा फोन वाजला. "हां... हां... बरं," एवढंच ऐकू आलं. मग बराच वेळ त्यांचं काहीतरी हळू बोलणं. मग आरामखुर्ची करकरली, आणि स्वयंपाकघरात झाकण वाजलं.

माझा फोन परत वाजला. बसूला दम लागला होता.

"मामा! आज्जा म्हणतेत, आलाय! लई मोठा हाय म्हणतेत, एकट्याला आवरत न्हाय. तुला बोलवायलेत!"

"बरं. जातो."

"मामा, मामा, ठेवू नको! आमी महिनाभर वाट बघितली तवा आला न्हाय. आमी गेल्यावरच कसा आला रं उंट?"