पाखरं तीन, दिशा चिकलठाणा

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि उस्मानपुऱ्यात घरी बसून पार कंटाळलो. बायको म्हणाली, "दिवसभर मलाच हुकूम सोडता, जावा कुठंतरी!" म्हणून माजी सैनिकांच्या पर्यावरण बटालियनमध्ये पुन्हा वर्दी चढवली. पोस्टिंग फुलंब्रीकडच्या एका उघड्या टेकडीवर. सकाळी फॉल-इन, मग कुदळ-फावडं. चर खणायचे, रोपं लावायची, ती जगवायची.

माझा बडी, म्हणजे कामातला जोडीदार, नाईक ज्ञानबा, तिथल्याच मेंढरंवाल्या घरातला. डबा उघडला की याची नजर आभाळात. "उस्ताद, लहानपणी जनावर मेलं की गिधाडं उतरायची. दुपारपर्यंत नुसती हाडं. ना वास, ना रोगराई. आता मढी कुत्र्यांनी धरली, कुत्र्यांचीच फौज झालीय." मी चिडवायचो, "तुझा हा रिपोर्ट रोजचाच आहे. नवीन काही असलं तर सांग."

एका सकाळी मी वरच्या चरावर होतो. खालून ज्ञानबा एकदम ओरडला, "उस्ताद, वर बघा! आली!"

तीन गिधाडं. पंख जराही न हलवता घिरट्या घालत होती. उघडी मान, लांब चोच, दारासारखे रुंद पंख. मी वॉकी-टॉकी उचलला.

"कंट्रोल, टेकडी बोलतोय. मोठी पाखरं तीन, दिशा चिकलठाणा, उतरायच्या बेतात. ओव्हर."

पलीकडं सुभेदारसाब होते. "टेकडी, चिकलठाण्याला विमानतळ आहे. विमानं उतरणारच. ओव्हर."

"विमानं नाय साब, गिधाडं! ओव्हर!"

थोडी खरखर झाली. मग, "आलोच!" ओव्हर म्हणायचं साहेबही विसरले.

खाली ओढ्याकाठी शेतकरी किसनमामांचा बैल मरून पडला होता. मामा उशाशी बसलेले. ज्ञानबानं विचारलं, "मामा, सुया दिल्या व्हत्या का?"

"व्हय बाबा. लई कण्हत व्हता. माणसाच्या अंगदुखीची बाटली आणून टोचली."

ज्ञानबाचं तोंड उतरलं. ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी बजावलं होतं, गिधाड सडकं, रोगट मांस पचवतं, पण तसलं दुखण्याचं औषध पचवत नाही. त्याचं मूत्रपिंड बंद पडतं. एका मढ्यावर थवाच्या थवा संपतो.

तेवढ्यात एक उतरलंच. पंख आवळून टुणटुण उड्या मारत बैलाकडं निघालं. काय दैव बघा! इतकी वर्षं ज्या पाहुण्यांची वाट बघितली, त्यांनाच हाकलायचं! ज्ञानबानं शर्ट काढला आणि गरगर फिरवत धावला. मेंढरामागं ओरडतात तसा ओरडत होता, "हुर्रर्र, हाऽऽ!" मी ढेकळं उडवत त्याच्या मागं. गिधाड उडालं, पण लांब गेलं नाही.

सुभेदारसाब धापा टाकत पोचले. "जेसीबी?"

"ओढ्यापर्यंत उतरणार नाय, साब."

"मग जवळचा चर खोल करा. बैल पुरायचा. दोर लावा!"

चर खोल झाला. दोर माझ्या हातात होता. हात तिथंच थांबला. गावानं पिढ्यान्‌पिढ्या मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्यावर लादलं होतं. आज्यानं धम्म घेतला त्या दिवशी ते टाकलं. त्यानंतर आमच्या घरात कुणी मढ्याला दोर लावला नाही. पण हुकूम हुकूम असतो, आणि डोक्यावर तीन जीव फिरत होते. मी गाठ मारायला वाकलो.

ज्ञानबानं दोर हिसकावून घेतला. "उस्ताद, तुमच्या आज्यानं सोडलंय ना? मग ते सुटलेलंच राहू द्या. तुम्ही पाखरं सांभाळा."

मामांनी धोतर खोचलं. "माझा बैल हाय, मी बी लागतो." सुभेदारसाबांनी टोपी खिशात घातली आणि तेही दोराला लागले.

मी ज्ञानबाचा शर्ट फिरवत बोंबलत होतो. डोळ्यांना धार लागली होती. रडत होतो का? व्हय, रडत होतो. बैलावर मातीचं शेवटचं फावडं पडलं तेव्हा तिन्ही पाखरं उंच चढली आणि आली तशी निघून गेली. उपाशी गेली, पण जिती गेली! ज्ञानबानं मातीच्या हातांनी मला उचलून गरागरा फिरवलं. साहेबांनी वॉकी-टॉकीवर सांगितलं, "तीन पाखरं सुखरूप. आउट."

पुढच्या उन्हाळ्यात टेकडीला वणवा लागला. आम्ही लिंबाची रोपं वाचवत होतो. वारा अचानक फिरला आणि ज्ञानबा धुरात गुदमरून गेला. त्याला स्ट्रेचरवरून खाली आणलं. बाकीचे म्हणाले, "उस्ताद, दमलात, आता आमच्याकडं द्या." मी पुढचा दांडा रस्त्यापर्यंत कुणाला दिला नाही.

परवा फुलंब्रीच्या रस्त्यावर पुन्हा एक गिधाड दिसलं. मी स्कूटर थांबवली आणि भर रस्त्यात ओरडलो, "ज्ञानबा, पाखरू एक, दिशा टेकडी! ओव्हर!"

मागं ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दे. ओव्हर म्हटलं की उत्तराची वाट बघायची असते. मी उभा राहिलो.